आत्येआजीचं लग्न आणि मृत्यू, दोन्ही नोंदी सापडत नाहीत (ठाणे–तुर्भे, १९५४ ते १९८०)

चरईकर

घराण्याची वंशावळ पुरी करायचं काम चालू आहे. आजोबांच्या धाकट्या बहिणीपाशी गाडी अडली आहे. कुलवृत्तांतात त्यांच्या माहेरच्या नावापुढे नुसतं 'विवाहित' छापलंय, पुढे रेघ.

हाती आहे ते असं. जन्म १९३१-३२, ठाणे, चरई. लग्न १९५४ ते ५६ च्या दरम्यान, परजातीत आणि घरच्यांच्या मनाविरुद्ध. त्यामुळे पत्रिका नाही, फोटो नाही, सासरचं आडनाव सांगणारं कुणी हयात नाही. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं म्हणतात, पण ठाण्यात की मुंबईत, ते ठाऊक नाही. पुढे बिऱ्हाड तुर्भ्याला होतं. १९६८ च्या एका लग्नाच्या आहेराच्या वहीत 'तुर्भ्याची ताई, ११ रुपये' अशी ओळ आहे, म्हणजे तोवर हयात होत्या. १९८० च्या आधी वारल्या यावर घरात एकमत आहे. पितृपक्षात नवमीला त्यांच्या नावानं सवाष्ण जेवायला घालत.

माहेरच्या नावानं मृत्यूच्या नोंदीचा शोध अर्ज दिला होता, अनुपलब्धता प्रमाणपत्र मिळालं. विवाह नोंदणीच्या खिडकीवर इतकं जुनं इथे नाही असं उत्तर आलं. आता कुठून सुरुवात करावी? नावं मुद्दाम देत नाही, त्यांची मुलं-नातवंडं असतील.

सातबारावाला

माहेरच्या नावानं मृत्यू शोधणं आधी थांबवा. त्या काळी लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलायचं. वडलांचं नाव जाऊन नवऱ्याचं यायचं, आडनाव तर जायचंच. मृत्यूच्या रजिस्टरात माहेरचं काहीही उरलेलं नसणार. त्यामुळे ते अनुपलब्धता प्रमाणपत्र त्या मेल्या कुठे याबद्दल काहीच सांगत नाही.

पहिलं काम सासरचं नाव काढणं. त्याचा सरळ रस्ता लग्नाच्या नोंदीतून जात नाही, तुमच्या पणजोबांच्या मृत्यूतून जातो. पणजोबा केव्हा वारले? १७ जून १९५६ नंतर वारले असतील तर तुमचं काम बरंच सोपं आहे. त्या तारखेला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला आणि मुली पहिल्या वर्गाच्या वारस झाल्या. जमीन असेल तर वारस फेरफार (मयताच्या जागी वारसांची नावं चढवल्याची नोंद) झालेला असतो आणि त्यात मजकूर साधारण असा असतो: 'खातेदार अमुक हे दि. अमुक रोजी मयत. वारस: १) अमुक, मुलगा, वय ३८. २) सौ. अमुक, मुलगी, वय ३०, रा. तुर्भे.' या एका ओळीत सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव आणि गाव, सगळं येतं.

फेरफार म्हणजे गाव नमुना ६, वारसांचं वेगळं रजिस्टर ६-क. चालू सातबारावर जुन्या फेरफारांचे नंबर असतात, तिथून मागे मागे जायचं. ठाणे जिल्ह्याचे बरेच जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन होऊन महाभूमीच्या (सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळाच्या) 'आपले अभिलेख' पोर्टलवर आले आहेत. तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. गावाचं नाव, जुना सर्व्हे नंबर आणि अंदाजे वर्ष द्यावं लागतं. जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर किंवा हिस्सा जुळत नाही, तेव्हा दोन्ही लिहा.

आता हे कुठे फसतं ते सांगतो. साठच्या दशकात बऱ्याच तलाठ्यांनी सगळे वारस लिहिलेच नाहीत. थोरल्या मुलाचं एकट्याचं नाव लावून पुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर एवढा शेरा मारला. असं दिसलं तर निराश होऊ नका. तो शेरा कधीतरी कमी करून बाकीच्या भावंडांची नावं चढवलेली असतात, तो नंतरचा फेरफार शोधा. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकाना न चुकता बघा. बहिणींची नावं कब्जेदार सदरी (मालकाच्या रकान्यात) न घेता तिकडे टाकायची रीत होती. तिसरी जागा हक्कसोड पत्र. भावांनी जमीन विकताना बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतलेला असतो आणि तो दस्त नोंदवावाच लागतो. त्यात बहिणीचं पूर्ण नाव, वय, धंदा, पत्ता, अंगठा किंवा सही असते. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मुंबईबाहेरचे दस्त साधारण २००२ पासूनचेच दिसतात, त्यामुळे तुमच्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयातली सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांची यादी) हातानं चाळणं आलं. सूची गाववार असते, म्हणून गाव पक्कं करून जा.

शेतजमीन नसेल आणि फक्त चरईचं घर असेल तर नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रक. त्यातही वारस नोंदीचा दिनांक आणि नावं असतात. नुसता उतारा घेऊ नका, त्या नोंदीमागचा वारस अर्ज आणि जबाबही मागा.

नोंदवही

वरच्याला जोडून लग्नाबद्दल.

'नोंदणी पद्धतीनं लग्न' म्हणताना घरचे लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक, विधी करून लागलेल्या लग्नाची नंतर केलेली नोंद, १९५३ च्या मुंबई विवाह नोंदणी कायद्याखालची. त्या काळी फार थोड्यांनी ती केली. दोन, विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर झालेलं लग्न. परजातीत आणि घरच्यांविरुद्ध म्हणजे दुसरं जास्त संभवतं, किंवा मग आर्य समाज.

विशेष विवाह कायदा १९५४ चा, पण अंमल १ जानेवारी १९५५ पासून. त्याआधीचं लग्न असेल तर ते १८७२ च्या जुन्या कायद्याच्या वहीत असेल, वही वेगळी. तेव्हा '१९५४ ते ५६' असा एकच अर्ज न करता दोन करा. ही लग्नं महापालिकेच्या विवाह नोंदणी कक्षात कधीच नव्हती. महापालिकेकडे गेलं ते १९९८ च्या कायद्यानंतरचं. जुन्या वह्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकाऱ्याकडे. ठाण्यात ठाण्याच्या, मुंबई शहरासाठी फोर्टातल्या जुन्या जकात घरात. जिल्ह्यात दोघांपैकी एकाचं ३० दिवस वास्तव्य लागायचं, त्यामुळे घरून पळून गेलेली जोडपी पुष्कळदा मुलाच्या जिल्ह्यात लग्न करत. नवरा मुंबईत कामाला होता असं कुठे आलं तर आधी फोर्ट बघा.

या कायद्याचं कलम ४७ लक्षात ठेवा. विवाह प्रमाणपत्राची वही पाहायला खुली असते आणि फी भरून तिची प्रमाणित नक्कल मिळते. कारकून 'पक्षकारांनाच देतो' म्हणाला तर शांतपणे कलम दाखवा. कलम ४८ प्रमाणे प्रत्येक नोंदीची प्रत राज्याच्या महानिबंधकाकडे जाते, म्हणजे ठाण्यातली वही वाळवीनं खाल्ली तरी दुसरी जागा राहते. प्रमाणपत्रावर तीन साक्षीदारांच्या सह्या असतात. घरचं कुणी नसताना साक्षीला आलेले हे तिघे बहुतेक नवऱ्याचे मित्र किंवा कामावरचे सोबती, त्यांचा धागा सोडू नका.

आर्य समाजात झालं असेल तर नोंद त्या मंदिराच्या स्वतःच्या रजिस्टरात. सरकारी खिडकीवर काही मिळणार नाही.

चरईकर

पणजोबा १९६१ ला वारले. बाळकूमला थोडी जमीन होती, पुढे विकली. म्हणजे फेरफार आणि हक्कसोड दोन्ही असायला हवेत, या आठवड्यात सातबारा काढतो.

एक नवी गोष्ट. एका काकूंच्या म्हणण्याप्रमाणे आत्येआजींचा मुलगा वर्षश्राद्ध माघ वद्य पंचमीला करायचा. मग नवमी आणि पंचमी यातलं खरं काय धरायचं?

पंचांगपेटी

दोन्ही खरं आहे. नवमीचा मृत्यूच्या तिथीशी संबंध नाही. भाद्रपद वद्य नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध, ती कुठल्याही तिथीला गेलेली असो, त्या दिवशी. यातून कळतं ते इतकंच की त्या सवाष्ण गेल्या, नवरा मागे होता. पण मृत्यू दाखल्यावर 'पतीचे नाव' शोधताना हे कामाचं आहे, आणि मृत्यूची खबर देणारा म्हणून नवऱ्याचंच नाव असण्याची शक्यता वाढते. बऱ्याच घरांत नवरा गेल्यावर नवमी बंद करतात. तेव्हा काकूंना विचारा की ती कोणत्या साली बंद झाली. उत्तर आलं तर नवऱ्याच्या मृत्यूचाही अंदाज मिळेल.

हाच घोळ पितृपक्षातल्या इतर तिथींचाही होतो, म्हणून सांगून ठेवतो. चतुर्दशी असेल तर अपघात किंवा शस्त्रानं आलेला मृत्यू, द्वादशी असेल तर संन्यासी, सर्वपित्री अमावास्या असेल तर पुष्कळदा तिथीच माहीत नसते. आणि साधी तिथी असली तरी पितृपक्षातून फक्त तिथी कळते, महिना आणि पक्ष कळत नाही.

वर्षश्राद्ध मात्र सोनं आहे, कारण त्यात महिना, पक्ष आणि तिथी तिन्ही असतात. माघ वद्य पंचमी इंग्रजी वर्षात फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कुठेही पडते. १९६८ चं ते लग्न ते १९८० एवढ्या वर्षांच्या तारखा काढल्या की यादी एका कागदावर मावते. शकावरून साल काढताना गफलत होते ती अशी: चैत्रापासून पौषाच्या सुरुवातीपर्यंत शकात ७८ मिळवायचे, पण माघ-फाल्गुनात इंग्रजी साल बदललेलं असतं, तिथे ७९. शके १८९२ चा माघ १९७१ च्या फेब्रुवारीत येतो, १९७० च्या नाही. त्या वर्षी माघी पौर्णिमा १० फेब्रुवारीला होती, म्हणजे वद्य पंचमी १५ च्या आसपास.

एका दिवसाचा फरक दोन्ही बाजूंना सोडा. पंचांगात छापलेली तिथी सूर्योदयाची असते, श्राद्धाला मृत्यूच्या क्षणाची तिथी धरतात. पहाटे दोनला गेलेल्या माणसाची इंग्रजी तारीख एक, तर घरच्यांच्या तोंडी आदल्या दिवसाचा वार. अधिक महिन्यात मृत्यू झाला असेल तर पुढची श्राद्धं त्याच नावाच्या निज महिन्यात होतात आणि हिशोब महिन्यानं चुकतो. माघ सहसा अधिक येत नाही, त्यामुळे तुम्हाला ती काळजी नाही. जुनी दाते पंचांगं ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात विचारा. १८९३ ची संस्था आहे, जुनी वर्तमानपत्रंही तिथेच पाहता येतील का बघा. तारखांची यादी हातात असली की निधनवार्ता शोधणं शक्य कोटीत येतं.

खाडीपलीकडे

तुर्भ्याच्या नोंदींबद्दल. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ पासूनची. १९७० च्या दशकात तुर्भे हे ठाणे तालुक्यातलं गाव होतं, सिडको १९७० ला आली तरी जन्म-मृत्यूचं रजिस्टर ग्रामसेवकाकडे. ग्रामपंचायती विलीन झाल्यावर ती दप्तरं महापालिकेकडे वळती झाली, तेव्हा आधी तुर्भे विभाग कार्यालय. तिथे ते वर्ष नसेल तर ठाणे पंचायत समिती. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याच्या आधीचा मृत्यू असेल तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, तहसीलच्या अभिलेख कक्षात. त्यात बाईचं नाव असेलच असं नाही, 'अमुकची बायको' अशीही नोंद असते. सातबारावाल्यांनी आधी नवऱ्याचं नाव काढायला सांगितलं, ते इथेही उपयोगी पडेल. त्याहून बरीच जुनी काही बुकं मोडीत आहेत. मोडी वाचणाऱ्यांची माहिती पुराभिलेख संचालनालयाकडे मिळते.

पण माझा अंदाज, तुर्भ्याच्या रजिस्टरात त्या नसणार. मृत्यूची नोंद राहत्या घराच्या ठिकाणी होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. बाई चाळिशीत गेल्या, नवरा मागे, म्हणजे आजारपण आणि इस्पितळ गृहीत धरा. त्या वेळी या पट्ट्यात मोठं इस्पितळ नव्हतं. वाशीचा खाडी पूल १९७३ चा. त्याआधी तुर्भ्याहून रोगी ठाण्याला न्यायचा, सिव्हिल हॉस्पिटलला, म्हणजे नोंद ठाणे नगरपालिकेच्या वहीत. पूल झाल्यावर सायन जवळ पडायला लागलं. सायन आणि केईएममधल्या मृत्यूंची नोंद मुंबई महापालिकेत, सायनची एफ उत्तर विभागात, केईएमची आणि शिवडीच्या क्षय रुग्णालयाची एफ दक्षिणमध्ये, जेजेची ई विभागात. म्हणून पंचांगपेटींच्या यादीचे दोन भाग करा. १९७३ पर्यंतच्या तारखा आधी ठाण्यात, नंतरच्या आधी सायनला.

नवऱ्याचं घराणं मूळ तुर्भे-सानपाडा भागातलं निघालं आणि जमीन सिडकोत गेलेली असेल तर साडेबारा टक्के योजनेची (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात भूखंड देण्याची योजना) फाईल सोडू नका. भूखंड घ्यायला वारस दाखला आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागायचं. त्यात मयत वारसांची नावं तारखांसकट येतात, मुलांचे पत्तेही. नवरा एमआयडीसीत नोकरीला आलेला भाडेकरू असेल तर मात्र तिथे काही मिळणार नाही.

मुंब्रादेवी

अपघाती मृत्यू असेल तर पोलिस ठाण्याचं अकस्मात मृत्यू रजिस्टर, रेल्वेचा असेल तर लोहमार्ग पोलिस. पण १९७० च्या दशकातली ही रजिस्टरं उरलेली सापडणं कठीण, फार वेळ घालवू नका. आणि शेवटच्या आजारात त्या मुलाकडे कल्याण-डोंबिवलीला होत्या का, तेही विचारून ठेवा. त्या नगरपालिका तेव्हा वेगवेगळ्या होत्या, महापालिका १९८३ ला झाली.

नोंदवही

मृत्यूचा शोध अर्ज कसा लिहायचा यावरच बराचसा निकाल ठरतो, म्हणून जरा सविस्तर.

शोध शुल्क वर्षामागे असतं, त्यामुळे कारकून तुम्ही लिहिलेलंच वर्ष उघडतो. रजिस्टर कॅलेंडर वर्षाचं, जानेवारीत क्रमांक पुन्हा एकपासून सुरू, आणि क्रम मृत्यूच्या तारखेचा नसून नोंदणीच्या तारखेचा. फेब्रुवारीतला मृत्यू एप्रिलमध्ये नोंदवला तर तो एप्रिलच्या पानांवर. वर्षभरानं नोंदवला तर पुढच्या वर्षाच्या वहीत. म्हणून अर्जात मृत्यूची तारीख देताना शोधाचा कालावधी वेगळा लिहायचा. तुमच्या बाबतीत दर वर्षी फेब्रुवारी ते जून सगळी पानं, आणि शेवटाला 'विलंबित नोंदी' हे शब्द. शोधून 'नाही' आलं तर अनुपलब्धता प्रमाणपत्रावर (नमुना १०) कोणती वर्षं आणि कोणतं नाव पाहिलं ते लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी तुम्हालाच आठवणार नाही.

नावाच्या तीनचार परी द्या. हॉस्पिटलच्या नोंदी इंग्रजीतून देवनागरीत येताना आडनावं मोडतात, 'बाई' कधी नावाला चिकटतं, कधी गळतं. त्यापेक्षा पतीच्या नावावर जोर द्या आणि वय पाच वर्षं खालीवर धरायला सांगा. खबर देणारा बहुतेक वेळा वय अदमासानं सांगतो.

उताऱ्यात मृत्यूचं कारण मिळणार नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्येच ती मनाई आहे, त्यासाठी भांडू नका. मृत्यूचं ठिकाण आणि त्या वेळचा पत्ता मात्र उताऱ्यात मागून घ्या. पत्ता मिळाला की पुढची माणसं सापडतात.

माहितीचा अधिकार इथे कधी वापरायचा? नोंद शोधून द्या म्हणून नाही, तो अर्ज कलम १७ कडेच परत पाठवतील. 'अमुक ग्रामपंचायतीची १९७० ते १९८० ची मृत्यू रजिस्टरं सध्या कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात आहेत, हस्तांतरण यादीची प्रत द्या' असं विचारा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांचा आणि एका विषयाचा, शुल्क १० रुपये. जन्म-मृत्यूची रजिस्टरं कायम जतन करायची असतात, त्यामुळे 'जुनं आहे, नष्ट केलं' हे तोंडी उत्तर मान्य करू नका, लेखी मागा. २० वर्षांहून जुन्या माहितीला बहुतेक अपवाद लागू होत नाहीत, ते माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३).

अर्जाचा मसुदा असा चालेल:

'विषय: जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चे कलम १७ अन्वये मृत्यू नोंदीचा शोध व उतारा मिळणेबाबत.
मयताचे नाव: (सासरचे), पर्यायी नावे: (दोन-तीन). पतीचे नाव: (  ). वय अंदाजे ३६ ते ४९. मृत्यूसमयीचा पत्ता: तुर्भे, ता. ठाणे. मृत्यूचे संभाव्य ठिकाण: (रुग्णालय). संभाव्य दिनांक: सोबतच्या यादीप्रमाणे, प्रत्येकी एक दिवस अलीकडे-पलीकडे. शोधाचा कालावधी: सन (  ) ते (  ), प्रत्येक वर्षी फेब्रुवारी ते जून, तसेच विलंबित नोंदी. शोध शुल्क भरण्यास तयार आहे. नोंद न आढळल्यास शोध घेतलेली वर्षे व नावे नमूद करून नमुना १० मध्ये प्रमाणपत्र द्यावे.'

फेरफार मिळेपर्यंत हा अर्ज टाकू नका. पतीच्या नावाची जागा रिकामी ठेवून दिलात तर पुन्हा तेच अनुपलब्धता प्रमाणपत्र हातात येईल.

चरईकर

बाळकूमचे जुने सर्व्हे नंबर एका विक्रीखतात सापडले. आधी ६-क आणि हक्कसोड, नंतर विवाह अधिकारी, मृत्यूचा अर्ज सगळ्यात शेवटी. फेरफारात 'ए.कु.मॅ.' निघालं तर इथेच विचारतो.

सातबारावाला

निघालं तर फेरफार नंबर आणि साल तेवढं टाका, नावं झाकून. विक्रीखत आहे म्हणता, तर त्यातलं 'संमती देणार' हे सदर आजच वाचून बघा. बहिणींच्या सह्या कित्येकदा तिथेच घेतलेल्या असतात, वेगळा हक्कसोड केलेलाच नसतो.